कल्याणचे ६१०, हंसातले १६१२

२०१९ चा डिसेंबर. कांदिवली पूर्वेला रात्री नऊ-दहाच्या सुमारास गच्चीवर गेले की राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांवर मृग नक्षत्र वर आलेले असे. शहराच्या उजेडातही मृग ओळखू येतोच. पण त्या हिवाळ्यात त्याचा एक खांदा पडल्यासारखा दिसत होता. आर्द्रा, जिला आपल्याकडचे आकाशनिरीक्षक काक्षीही म्हणतात, तो ठळक तांबडा तारा आठवड्यागणिक फिका होत चालला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचे तेज नेहमीच्या निम्म्याहूनही खाली गेले. तारा फुटणार, अशा बातम्या सुरू झाल्या. तो काही फुटला नाही. २०२१ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी जो उलगडा मांडला तो साधा होता. ताऱ्याचा पृष्ठभाग एका बाजूला थोडा थंडावला, त्याने आधीच बाहेर फेकलेल्या वायूची धूळ झाली, आणि ती धूळ नेमकी त्याच्या आणि आपल्या मध्ये आली.

धुळीचे कांदिवलीकरांना नवल नाही. १९२० च्या दशकात बॅकबेच्या भरावासाठी समुद्रात ओतलेला दगड इथल्याच खाणीतून फोडून नेला होता, आणि आजही पूर्वेला कुठे ना कुठे टॉवर उठतच असतो. पण आर्द्रेपुढे आली ती धूळ म्हणजे वाऱ्याने तोंडावर आलेला पदर. आला आणि गेला. आकाशात असेही तारे आहेत ज्यांनी धुळीची गोधडी पार डोक्यावरून ओढून घेतली आहे. डोळ्याला काय, साध्या दुर्बिणीलाही ते दिसत नाहीत. त्यांचा पत्ता लागला तो १९६० च्या दशकात, आधी त्यांच्या उष्णतेवरून आणि मग त्यांच्या रेडिओ आवाजावरून. त्याच तीन-चार वर्षांत मुंबईपासून लोकलच्या अंतरावर, कल्याणला, महाराष्ट्रातली पहिली मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहत होती. या दोन गोष्टी एकाच काळातल्या, एकाच शास्त्रातल्या. तरी त्यांची गाठ पडायला पस्तीसेक वर्षे गेली. मला या इतिहासात सगळ्यात जास्त रस आहे तो या उशिरात.

सुरुवात सिडनीजवळच्या पॉट्स हिल या जागी होते. तिथे १९५० च्या दशकाच्या आरंभी डब्ल्यू. एन. क्रिस्टिअन्सेन यांनी जलाशयाच्या काठाने ३२ छोट्या तबकड्या ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीचा व्यास साधारण १.७ मीटर, म्हणजे माणसाच्या उंचीएवढा. सगळ्या मिळून सूर्याकडे पाहत, १४२० मेगाहर्ट्झवर. १९५३ मध्ये गोविंद स्वरूप नावाचा चोविशीतला भारतीय पदार्थवैज्ञानिक तिथे शिकायला पोचला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतून के. एस. कृष्णन यांनी त्याला पाठवले होते. स्वरूप आणि आर. पार्थसारथी यांनी याच तबकड्या १४२० वरून ५०० मेगाहर्ट्झवर आणून सूर्याची नवी निरीक्षणे केली. पुढे क्रिस्टिअन्सेन यांचे मन नव्या, मोठ्या रचनेकडे लागले आणि ३२ तबकड्या भंगारात निघाल्या. स्वरूप यांनी तिथल्या गटाचे प्रमुख जो पॉझी यांच्याकडे शब्द टाकला: फेकणारच आहात, तर भारताला द्या.

द्यायला ते तयार झाले. घोडे अडले ते जहाजाच्या भाड्यावर. स्वरूप यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत हे सांगितले आहे: सुमारे ७०० पौंड खर्च कोणी सोसायचा यावर पत्रव्यवहार लांबला. कंटाळून स्वरूप १९५६ मध्ये अमेरिकेला गेले, स्टॅनफर्डला रॉन ब्रेसवेल यांच्याकडे पीएच.डी. केली. तबकड्या यथावकाश दिल्लीला पोचल्या आणि खोक्यांत पडून राहिल्या. ७०० पौंडांपायी काही वर्षे गेली असे म्हणायला हरकत नाही. पण स्वरूप त्या वर्षांत जे शिकले ते दिल्लीत बसून शिकता आले नसते, हेही खरे.

१९६१ मध्ये बर्कलीला आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेचे अधिवेशन भरले. परदेशात काम करणारे चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञ तिथे एकत्र आले: स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन. चौघांनी मिळून भारतातल्या पाच संस्थांना प्रस्ताव पाठवला: आम्ही चौघेही परत यायला तयार आहोत, रेडिओ खगोलशास्त्राचा गट काढा. उत्तर झटपट आणि निःसंदिग्ध आले ते होमी भाभांचे. त्यांनी पॉझी, बोक, ऊर्ट अशा जाणत्यांची मते मागवली आणि जानेवारी १९६२ मध्ये तारेने होकार कळवला. १९६३ च्या एप्रिलमध्ये स्वरूप टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. चौघांतले कुंडू आणि मेनन पुढे काही वर्षांसाठी आले आणि परत गेले, कृष्णन आलेच नाहीत. टिकले ते स्वरूप.

आणि दिल्लीची खोकी मुंबईला आली.

कुलाब्याला संस्थेच्या आवारात दुर्बीण उभारणे शक्य नव्हते. एक तर जागा नाही, आणि शहराच्या विजेचा गोंगाट इतका की सूर्यसुद्धा त्यात बुडावा. तबकड्या कल्याणला गेल्या. २४ तबकड्या पूर्व-पश्चिम ६३० मीटर ओळीत आणि ८ तबकड्या दक्षिणोत्तर २५६ मीटर ओळीत मांडल्या गेल्या. वारंवारता ठरली ६१० मेगाहर्ट्झ. १९६५ मध्ये दुर्बीण चालू झाली. काम करणारे बरेचसे विद्यापीठातून नुकते बाहेर पडलेले तरुण. विजय कपाही त्यांच्यातलेच. सूर्य शांत असताना त्याच्या कडा रेडिओत अधिक उजळ दिसतात आणि त्याच्या प्रभामंडलाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात आहे, हे या जोडलेल्या, जुन्या तबकड्यांनी दाखवले. १९६८ पर्यंत ही दुर्बीण चालली. तिने कसले जगावेगळे शोध लावले नाहीत. पण माणसे घडवली, आणि ती माणसे नंतर उटीच्या आणि खोडदच्या दुर्बिणी उभारायला गेली.

आता १९६५ मध्येच कॅलिफोर्नियात काय चालले होते ते पाहू.

माउंट विल्सनवर गेरी नॉयगेबॉअर आणि रॉबर्ट लेटन यांनी ६२ इंची दुर्बीण घरगुती म्हणावी अशा युक्तीने बनवली होती. ताक घुसळताना मध्ये खळगा पडतो तो पाहिला असेल. फिरणाऱ्या द्रवाचा पृष्ठभाग आपोआप वाटीसारखा होतो. त्यांनी भांड्यात पातळ इपॉक्सी ओतला, भांडे एकाच गतीने फिरवत ठेवले, इपॉक्सी घट्ट झाला की आरशाचा आकार तयार. वर ॲल्युमिनियमचा मुलामा. शोधक म्हणून लेड सल्फाइडचे तुकडे, उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्रांसाठी विकसित झालेल्या जातीचे. या सामग्रीने त्यांनी जवळजवळ सगळे उत्तर आकाश २ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात चाळायला घेतले. १९६९ मध्ये यादी प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यात साडेपाच हजारांहून अधिक स्रोत होते.

यादी पुरी होण्याच्या आधीच, १९६५ मध्ये, मार्ट्झ या सहकाऱ्यासह त्यांनी दोन विचित्र तारे जाहीर केले. एक हंस तारकासमूहातला, दुसरा वृषभातला. डोळ्याला जवळजवळ अदृश्य, अवरक्तात मात्र झगझगीत. त्यांचे तापमान हजार अंशांच्या आसपास आणि त्याहूनही खाली वाटत होते. आपल्या सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांवर आहे हे लक्षात घ्या. शोधकांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून त्यांना एनएमएल सिग्नी आणि एनएमएल टॉरी ही नावे मिळाली. इतका थंड तारा असू शकतो का? तारा थंड नव्हताच. आपण पाहत होतो ती ताऱ्याभोवतीची धूळ. ताऱ्याचा सगळा प्रकाश ती गिळत होती आणि उष्णता म्हणून बाहेर टाकत होती. गोधडीखालच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण गोधडी गरम लागते, तसे.

तिसरी घटनाही १९६५ चीच, आणि तीही कॅलिफोर्नियातलीच. हायड्रॉक्सिल, म्हणजे एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन, या रेणूच्या रेडिओ रेषा १९६३ मध्ये एमआयटीच्या सँडर वाइनरेब, ॲलन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी आकाशात पहिल्यांदा पकडल्या होत्या. या रेणूच्या चार रेषा १८ सेंटिमीटरच्या आसपास असतात: १६१२, १६६५, १६६७ आणि १७२० मेगाहर्ट्झ. त्यांच्या जोराचे प्रमाण १:५:९:१ असायला हवे, हे प्रयोगशाळेचे गणित. हॅट क्रीकला हॅरल्ड वीव्हर, नॅनीलू डीटर आणि सहकारी आकाशगंगेतल्या मेघांकडे पाहत होते. प्रमाण सपशेल चुकत होते. १६६५ ची रेषा एकटीच धडाडून वर आलेली, १६६७ जागेवर नाही. इतके चमत्कारिक की त्यांनी तात्पुरते त्या अज्ञात पदार्थाला मिस्टेरियम असे नाव देऊन टाकले. पदार्थ हायड्रॉक्सिलच होता. नवीन होती त्याची वागणूक. हा प्रकाश निसर्गातल्या मेझरमधून येत होता. मेझर प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनला १९५४ मध्ये, चार्ल्स टाउन्स यांच्याकडे, आणि त्याचे नोबेल मिळाले १९६४ मध्ये. वर्षभरातच आकाशाने दाखवून दिले की आपल्याकडे हे यंत्र आधीपासून चालू आहे.

मेझर म्हणजे काय ते विरारहून येणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये चांगले समजते. डब्यात पन्नास माणसे असतात, प्रत्येकजण आपापले बोलतो, त्यातून निव्वळ गलका निघतो. भजनी मंडळाच्या डब्यात मात्र सगळे टाळ हातात घेऊन तयारच असतात. एकाने पहिली ओळ उचलली की बाकीचे त्याच सुरात, त्याच तालात मिळतात, आणि आवाज दोन डबे पलीकडे जातो. रेणूंचेही तसेच. एरवी बहुसंख्य रेणू खालच्या ऊर्जेवर बसलेले असतात. बाहेरून ऊर्जा देऊन जास्तीत जास्त रेणू वरच्या पायरीवर चढवून ठेवले, की नेमक्या वारंवारतेची एक लहर जवळून गेली तरी ते एकामागून एक तिच्याच सुरात ऊर्जा सोडतात. लहर वाढत जाते. रेणूंना वर चढवून ठेवणाऱ्या या क्रियेला पंप म्हणतात, आणि खरा प्रश्न तिथेच होता: आकाशात पंप कोण मारतो?

अवरक्त प्रकाश हा एक संशयित होता. मग अवरक्तात झगझगणारे तारेच का तपासू नयेत? एमआयटीचे विल्यम विल्सन आणि बॅरेट यांनी ते केले, आणि १९६८ मध्ये 'सायन्स'मध्ये त्यांचा निबंध आला. एनएमएल सिग्नीतून हायड्रॉक्सिल मिळाला, भरघोस. पण इथे १६६५ किंवा १६६७ नव्हे, तर एरवी सगळ्यात दुबळ्या दोघींतली एक असणारी १६१२ ची रेषा सगळ्यात ताकदवान होती. अशा ताऱ्यांना पुढे त्यांच्या दोन खुणांवरून, हायड्रॉक्सिल आणि अवरक्त, ओएच-आयआर तारे म्हणू लागले.

रेषेचा आकारही बोलका होता. एक उंच टोक, मध्ये खळगा, पलीकडे दुसरे टोक, दोन शिंगांसारखे. ताऱ्याभोवतीचे कवच सगळीकडून बाहेर पसरते आहे, आपल्याकडची बाजू आपल्याकडे येते आणि पलीकडची दूर जाते, म्हणून दोन टोके दोन वेगांवर. मेझरला लांब, सरळ वाट लागते; ती समोरच्या आणि मागच्या टोकालाच मिळते, म्हणून मधला भाग दबलेला. आणि याहून छान म्हणजे, हे तारे वर्ष-वर्ष, कधी चार-पाच वर्षांच्या चक्राने तेजाळतात आणि मंदावतात. मागच्या बाजूचा सिग्नल कवच ओलांडून यायचा म्हणून पुढच्यापेक्षा काही दिवस किंवा आठवडे उशिरा येतो. तेवढा उशीर मोजला की कवचाचा व्यास कळतो. वीज आणि गडगडाट यांच्यातल्या अंतरावरून पाऊस किती लांब आहे ते सांगतात, त्यातलाच प्रकार. त्याला आकाशात दिसणाऱ्या रुंदीची जोड दिली की ताऱ्याचे अंतरही हातात येते.

पंपाचे उत्तर १९७६ मध्ये मोशे एलित्झूर, पीटर गोल्डराइख आणि निक स्कोव्हिल यांनी मांडले: धुळीतून निघणारा ३५ मायक्रॉनचा अवरक्त प्रकाश. तारा लपवणारी धूळच त्याचे टाळ वाजवत होती. तोवर ताऱ्याभोवतीच्या कवचाचा, जणू त्याच्या घराचा, आराखडाही स्पष्ट झाला होता. १९७४ मध्ये सिलिकॉन मोनॉक्साइडचा मेझर मृगातल्याच एका मेघात सापडला होता. ताऱ्यांत पाहिल्यावर दिसले की सिलिकॉन मोनॉक्साइड माजघरात, ताऱ्याला लगटून. पाण्याच्या वाफेचा मेझर ओसरीवर. आणि हायड्रॉक्सिल पार अंगणात, जिथे बाहेरचा अतिनील प्रकाश पाण्याचे रेणू तोडतो.

मग असे तारे शोधायची झुंबड उडाली. स्वीडनमध्ये ओनसाला, ऑस्ट्रेलियात पार्क्स, पोर्तो रिकोत अरेसिबो. २५ जानेवारी १९८३ ला अमेरिका, नेदरलंड्स आणि ब्रिटन यांचा इरास हा अवरक्त उपग्रह सुटला. दहा महिन्यांत त्याचा हीलियम संपला, पण तेवढ्यात सुमारे अडीच लाख स्रोतांची यादी झाली. आता अंधारात चाचपडायला नको. यादीतले योग्य अवरक्त रंगाचे तारे निवडायचे आणि १६१२ वर कान लावायचे.

या झुंबडीत महाराष्ट्र नव्हता. का नव्हता, याचे उत्तर वारंवारतेत आहे.

कल्याणनंतर स्वरूप यांच्या गटाने उटीजवळ डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद दुर्बीण उभारली. उताराचा कल असा निवडला की दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाशी समांतर येईल आणि एकाच फिरण्याने तारे मागे-मागे धरता येतील. ती १९७० मध्ये सुरू झाली, ३२७ मेगाहर्ट्झवर. चंद्राच्या कडेआड जाणारे दूरचे रेडिओ स्रोत टिपून विश्वाची जडणघडण तपासायची, हा तिचा हेतू. म्हणजे पॉट्स हिलला १४२० वर असलेली वंशावळ ५०० वर आली, कल्याणला ६१० झाली, उटीला ३२७. मधली एक चढण सोडली तर उतरतीच. यात दुर्लक्ष नव्हते, हिशेब होता. लहर जितकी लांब तितका आरशाचा पृष्ठभाग ढोबळ चालतो, तारांची जाळी पुरते, पोलाद कमी लागते, पैसा कमी लागतो. शिवाय लांब लहरींच्या पट्ट्यात पाश्चात्त्य देशांत रेडिओ-टीव्हीचा कलकलाट फार, आपल्याकडे त्या काळी कमी. गरीब देशाला जे स्वस्तात आणि चांगले जमेल ते त्यांनी निवडले. मला तो निर्णय आजही शहाणपणाचा वाटतो, जरी त्यापायी १६१२ वरचे तारे हातचे गेले.

तेच तत्त्व नारायणगावजवळ खोडदला टोकाला गेले. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी एक किलोमीटरच्या आत, उरलेल्या १६ तीन हातांवर साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी दोरांच्या सांगाड्यावर ताणून बसवण्याची युक्ती स्वरूप यांची. द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या मळ्यांतून जाताना या तबकड्या दिसतात तेव्हा त्या वजनाने इतक्या हलक्या असतील असे वाटत नाही. १९९० च्या दशकात उभारणी झाली आणि ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटांच्या हस्ते या महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बिणीचे, म्हणजे जीएमआरटीचे, लोकार्पण झाले. तिच्या पट्ट्यांत एक ६१० मेगाहर्ट्झचा होता, कल्याणचाच आकडा. सगळ्यात वरची मर्यादा १४५०. तटस्थ हायड्रोजनची १४२० ची रेषा हाती लागली पाहिजे म्हणून तिथवर नेलेली, आणि तिथेच थांबलेली. १६१२ उंबऱ्याबाहेर राहिली.

दरम्यान देशात हे तारे दुसऱ्या टोकाने शोधले गेले. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत १०.४ मीटरची मिलिमीटर लहरींची दुर्बीण होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यावरून थंड, तांबड्या ताऱ्यांतल्या सिलिकॉन मोनॉक्साइडचे मेझर ८६ गिगाहर्ट्झवर तपासले गेले. ही लहर साडेतीन मिलिमीटरची. कल्याणच्या लहरीचा एकशेचाळिसावा भाग. म्हणजे आपण अंगण वगळून थेट माजघरात शिरलो.

पुण्यातही एक वाट निघाली, तीही दुर्बिणीशिवाय. आयुका या संशोधन संस्थेचे रंजन गुप्ता आणि सहकाऱ्यांनी इरासने घेतलेले २००० ठळक स्रोतांचे वर्णपट कृत्रिम चेताजालाकडून वर्गवार लावून घेतले. सिलिकेटची धूळ कुठे, कार्बनची कुठे, हे संगणकाने वेगळे केले. ते काम २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. उपग्रह बंद पडून तेव्हा एकवीस वर्षे झाली होती.

आणि हायड्रॉक्सिल खोडदला आला तो असा. विश्व प्रसरण पावते, त्यामुळे दूरवरून येणारी प्रत्येक लहर वाटेत ताणली जाते आणि तिची वारंवारता उतरते. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले निस्सिम काणेकर आणि जयराम चेंगलूर यांनी २००२ मध्ये जीएमआरटीवरून दूरच्या आकाशगंगांतला हायड्रॉक्सिल टिपला. त्यांतली एक आकाशगंगा अशा अंतरावर आहे की तिचा प्रकाश सुमारे तीन अब्ज वर्षांपूर्वी निघाला. १६६७ वर निघालेली रेषा खोडदला पोचली तेव्हा १३३७ मेगाहर्ट्झच्या आसपास होती, मर्यादेच्या आत. तो मेझर नव्हता, मागच्या तेजस्वी स्रोतावर पडलेली सावली होती. आणि तो धुळीतला तारा तर नव्हताच. पण १९६५ मध्ये वीव्हर आणि डीटर यांना बुचकळ्यात टाकणारा रेणू तोच.

कांदिवलीच्या गच्चीवर मृगाच्या खाली व्याध चमकतो. त्याच्या शेजारी, बृहल्लुब्धकात, व्हीवाय कॅनिस मेजॉरिस हा राक्षसी तारा आहे, सुमारे ४००० प्रकाशवर्षांवर, स्वतःच्याच धुळीत बुडालेला. त्याच्यात हायड्रॉक्सिल, पाणी आणि सिलिकॉन मोनॉक्साइड, तिन्ही मेझर आहेत, आणि तिन्ही १४५० च्या वर.